पंपघरातलं प्रात्यक्षिक

पद्माबाईला सत्कार नको होता, पाणी पाहिजे होतं. हे तिनं पत्रिका घेऊन आलेल्या शिपायाला दारातच तोंडावर सांगितलं. त्याला काय घेणंदेणं? त्यानं लखोटा ओट्यावर ठेवला, मोटारसायकलला किक मारली अन् धुरळा उडवत गेला. सून साक्षीनं लखोटा फोडून मोठ्यानं वाचलं. पांगरखेडी जमीन सुधारणा व जलउपसा संग्रहालयाचं उद्घाटन, प्रमुख पाहुण्या संभाजीनगरहून येणार, अन् पंपघराचे इंजनचालक दिवंगत सोनाजी यांच्या पत्नी श्रीमती पद्माबाई यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

“शालीत बांधून पाणी आणू का म्हणावं?” पद्माबाई म्हणाली.

तिचं काय चुकलं? वसमतकडून हट्ट्याच्या रस्त्यानं आत वळलं की पांगरखेडी, अन् पांगरखेडीच्या खालच्या अंगाला भीमनगर, चाळीस घरं. एप्रिल लागला की भीमनगरची विहीर तळ दाखवते. मग सरकारी टँकर बांधून मिळतो. चौथ्या दिवशी एक खेप, विहिरीत ओतली की पुढचं ज्याचं त्यानं बघावं. यंदा चौथा दिवस गेला, पाचवा गेला, सहावा गेला. सत्काराचा दिवस उजाडला तो सातवा. पहाटेपासून विहिरीभोवती हंडे, घागरी, रंगाचे रिकामे डबे रांगेनं मांडलेले, अन् बाया रस्त्याकडं बघून बघून वैतागलेल्या.

“आत्याबाई, जाऊन तर या,” साक्षी म्हणाली. “उत्तमराव असतीलच तिथं. टँकर त्यांच्याच हुकमानं फिरून राहिला. चार लोकांत इचारलं तर न्हाई म्हणायची चोरी व्हईल त्यायला.”

डोकं सुनेचं, पण पद्माबाईला पटलं. उत्तमराव म्हणजे माजी सरपंच, संग्रहालयाचे अध्यक्ष, अन् टँकरचा ठेका पुतण्याच्या नावावर. गावात पान हललं तरी त्यांना विचारून हलायचं. पद्माबाईनं निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसलं, तांब्यातलं उरलंसुरलं पाणी ओल्या फडक्यानं तोंडाला लावलं अन् उन्हात निघाली. सदुसष्ट वर्षांची बाई, पण चाल अशी की बरोबरच्यानं मागं राहावं.

आता हे संग्रहालय कसलं, तेही सांगितलं पाहिजे. पद्माबाई लग्न होऊन आली त्याच सुमाराला गावात कालवा आला होता. लोक म्हणाले, आता सोनं पिकणार. कसलं सोनं! काळी माती पाणी पिऊन पिऊन फुगली, पाझर वर आला, खालची सगळी शेतं चिबड झाली. बैल पोटापर्यंत रुतायचे, कापूस उभ्या उभ्या कुजायचा. मग सरकारनं चर खणायला काढले. भीमनगरची माणसं अन् शेजारच्या तांड्यावरची माणसं, तीन उन्हाळे कंबरभर चिखलात उभी होती. सगळ्या चरांचं पाणी एका खोल हौदात आणलं, हौदावर पंपघर बांधलं, अन् डिझेल इंजनानं ते पाणी उपसून नाल्याकडं जाणाऱ्या वरच्या चरात फेकायला सुरुवात केली. बारा-तेरा वर्षं इंजन चाललं. जमीन सुधारली. कुणाची सुधारली ते गावाला ठाऊक आहे, एकट्या उत्तमरावांच्या घरची साठ एकर त्यात आली. ज्यांनी चर खणले त्यांना पाठीचं दुखणं मिळालं.

अन् आता त्याच चरात कुत्रं लोळतं. थेंब नाही. एवढा उपसा केला की आमच्या वाटचं पिण्याचं पाणीसुद्धा उपसून टाकलं, असं पद्माबाई चारचौघांत बोलायची, अन् लोक हसायचे. ती काही हसण्यासाठी बोलत नव्हती.

पंपघराचं रूप पालटलं होतं. पांढरा रंग, फाटकावर झेंडूच्या माळा, मांडव, खुर्च्यांना कापडी झबली. निलम नावाची एक मुलगी पुढं आली. वसमतची, इतिहास शिकलेली, तीन महिन्यांपासून इथं नोकरीला. गळ्यात ओळखपत्र, तोंडावर खरंखुरं हसू.

“या आजी. कार्यक्रमाला वेळ आहे, तोवर मी तुम्हाला सगळं दाखवते.”

“मला दाखवतीस?” पद्माबाई म्हणाली. “बरं, दाखव माय.”

भिंतीवर फोटो. खाली लिहिलेलं, ‘लोकसहभागातून चरखोदाई’. निलमनं ते वाचून दाखवलं. सहभाग म्हणजे काय, तर हौसेनं आल्यासारखं. पद्माबाईच्या कपाळाला आठी पडली. काचेच्या पेटीत फावडं, कुदळ अन् एक टोपली. टोपलीला सोनेरी रंग दिलेला! त्या टोपलीनं तिच्या सासूच्या डोक्यावरचे केस गेले होते, अन् या शहाण्यांनी ती सोनेरी केली. पुढं प्लास्टरचा पुतळा उभा. इस्त्रीचा शर्ट, पिळदार मिशी, हात इंजनाच्या चाकावर.

“हे सोनाजी आजोबा,” निलम म्हणाली.

“त्यानं जन्मात मिशी ठेवली न्हाई. अन् असा शर्ट असता तर लग्नात घातला नसता का?”

निलम ओशाळली. तिनं घाईनं पुढच्या पेटीकडं नेलं. पेटीत जुनं मस्टर उघडून ठेवलेलं, कागद पिवळा पडलेला, नावासमोर ओळीनं जांभळे अंगठे. “हे बघा आजी, इंजनचालकाच्या हजेरीचे अंगठे. एक खाडा नाही. सलग नऊ वर्षं! कर्तव्यनिष्ठेचं उदाहरण म्हणून आम्ही ठेवलंय.”

पद्माबाई वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आपला उजवा अंगठा काचेवर टेकवला.

“हे माझे अंगठे हायेत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे काय? सोनाजीला दुसऱ्याच वर्षी धुरानं दमा लागला. चार पावलं चालला की धाप. इंजन बंद पडलं तर नोकरी जाणार, घर बसणार. मंग मी हँडल मारायला लागले. साहेबाला ठाऊक व्हतं, पण त्याला इंजन चालल्याशी मतलब. मस्टर आलं की मीच अंगठा दाबायची, नाव त्याचं. नऊ वर्सं. पोटुशी व्हते तवा बी.”

 निलमनं पेटीकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं. “आजी, हे कुणीच सांगितलं नाही आम्हाला.”

“कुनी इचारलं?” पद्माबाई म्हणाली, अन् पुढं चालायला लागली. खरं सांगायचं तर तिला नावाचं फारसं काही वाटत नव्हतं. तिच्या डोक्यात विहिरीभोवतीची भांडी होती. उत्तमराव कुठं दिसतात ते ती बघत होती.

शेवटचा दरवाजा इंजनाच्या खोलीचा. इंजन हिरव्यागार रंगानं रंगवलेलं, चाकाला पिवळा पट्टा.  आयुष्यातली नऊ वर्षं होती ती. तिनं पाठीवर थाप मारावी तसा त्या लोखंडावर हात मारला. मग कठड्यावरून खाली वाकली.

हौद भरलेला होता. तुडुंब.

बाहेर चर कोरडाठाक, चिरा पडलेला, अन् आत दोन पुरुष पाणी! स्वच्छ, थंडगार, तळाची फरशी दिसावी असं.

“हे पाणी कुठून आलं, निलम?”

बिचारीनं सरळ सांगितलं. “टँकरनं आणलंय आजी. दोन खेपा लागल्या. इंजन चालू करून पाहुण्यांना दाखवायचंय ना, पूर्वी उपसा कसा व्हायचा ते. इथून उचलणार अन् बाहेर चरात सोडणार.”

“चरात सोडणार.”

“हो. म्हणजे, तसंच व्हायचं ना तेव्हा?”

पद्माबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक मागच्या दारानं बाहेर पडली. भिंतीच्या सावलीत टँकर उभा, रिकामा. टँकरचा ड्रायव्हर देविदास, तांड्यावरचा, टायरला टेकून बसलेला. तिला पाहून तो उठला अन् उठल्या उठल्या मान खाली घातली.

“देविदास, आजची खेप कुनाची?”

“मावशी, ऐका तर…”

“कुनाची, म्हणते मी?”

“भीमनगरची.”

“अन् वतली कुठं?”

देविदास पायानं माती उकरत राहिला. “मला फोन आला. हौदात टाक म्हणले. न्हाई टाकली तर गाडीवरून खाली उतर म्हणले. घरात सहा तोंडं हायेत, मावशी. मी काय करू?”

“दोन खेपा टाकल्या म्हणं. दुसरी कुनाची?”

 देविदास हळूच म्हणाला, “कालची. आमच्या तांड्याची.”

“तुझ्या तांड्याची? अरे, मंग शकुंतलाबाईनं काय पिलं काल? तुझ्या मायनं?”

“दिपा गेली व्हती मोठ्या कालव्यापस्तोर. दोन कोस.” दिपा त्याची बायको. त्याचे डोळे भरून आले. ते पाहून पद्माबाईला त्याची कीव आली अन् कीव आली म्हणून राग आणखी वाढला. स्वतःच्या आईच्या तोंडचं पाणी माणूस स्वतःच्या हातानं ओतून येतो, तो काही दुष्ट असतो म्हणून नाही. त्याला तसं करायला लावणारा खुर्चीवर बसलेला असतो.

खुर्चीवर उत्तमराव बसलेच होते. पांढरं धोतर, जाकीट, बाजूला पाहुण्या बाईसाठी राखून ठेवलेला सोफा. “या या, पद्माबाई! बसा. आज तुमच्या सोनाजीचं नाव होणार.”

“उत्तमराव, आमचं पाणी हौदात काहून टाकलं?”

आजूबाजूची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. उत्तमरावांनी आवाज खाली आणला. “अहो, आजच्या दिवसाचा प्रश्न आहे. मोठ्या मॅडम येऊन राहिल्या. संग्रहालय त्यांच्या मनात भरलं तर गावाचं नाव होईल. एक दिवस दम धरा.”

“सातवा दिस हाय आज.”

“उद्या देतो की.”

“उद्याची खेप उद्याच्या लोकांची. आमची तुमी चरात सोडून राहिले. कुत्र्याला लोळायला!”

“पद्माबाई,” उत्तमराव हसत हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते, “सत्काराला आलात, सत्कार घ्या. तमाशा करू नका.”

इतक्यात गाड्या आल्या. उत्तमराव उठले, हार घेऊन पळाले. पद्माबाई तिथंच उभी राहिली.  घरी जाऊन बायांना काय सांगायचं? पाणी पाहिलं, हौदभर पाहिलं, शाल पांघरून परत आले?

मॅडम चांगल्या वाटल्या. साधी साडी, चष्मा, सगळं नीट वाचत फिरल्या. फीत कापली, नारळ फुटला, भाषणं झाली. मग मंडळी इंजनाच्या खोलीत जमली. वसमतहून आणलेल्या मेस्त्रीनं हँडल मारलं. इंजन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धडधडायला लागलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांनी चराकडं तोंड करून ठेवलेल्या जाड पाइपाकडं पाहिलं. पाइपातून हवासुद्धा आली नाही.

मेस्त्रीनं वेग वाढवला. धूर झाला, मॅडम खोकल्या, पाणी येईना. त्यानं पट्टा पाहिला, नट आवळले, इंजन बंद करून पुन्हा चालू केलं. उत्तमरावांच्या कपाळावर घाम. मागं उभ्या पद्माबाईला एका नजरेत कळलं होतं. पंप भरलाच नव्हता. असला पंप आधी बादल्यांनी पाणी ओतून काठोकाठ भरावा लागतो, तेव्हा कुठं तो खालचं पाणी ओढतो. विजेच्या मोटारीवर शिकलेल्या पोरसवदा मेस्त्रीला हे कोण सांगणार? तिनं नाही सांगितलं. ती हाताची घडी घालून बघत राहिली.

शेवटी उत्तमराव गर्दीतून वाट काढत तिच्याकडं आले. “पद्माबाई, सोनाजी कसं करायचा हो?”

“सोनाजी न्हवता करत. मी करायची.”

“बरं तुम्ही. मग करा की चालू! लवकर करा.”

“करते,” पद्माबाई मोठ्यानं म्हणाली, सगळ्या खोलीला ऐकू जावं असं. “पण तो पाइप चरात न्हाई, टँकरात जाईल. कबूल असंल तर हात लावते. न्हाई तर बसा इंजनाची आरती करत.”

“हळू बोला!”

“काहून हळू? चोरी मी केली का?”

मॅडमनी चष्मा वर केला. “काय म्हणतायत या आजी?”

“काही नाही मॅडम, जुन्या कामगार आहेत, वय झालंय,” उत्तमराव म्हणाले.

“मॅडम,” मागून आवाज आला. निलमचा.  “हौदातलं पाणी भीमनगरचं आणि तांड्याचं आहे. पिण्याचं. टँकर मीच उतरवून घेतला. मला माहीत नव्हतं कुणाचं आहे ते, आत्ता ड्रायव्हरनं सांगितलं.”

 उत्तमरावांनी निलमकडं असं पाहिलं की दुसरी असती तर तिथंच बसली असती. पण माणूस मुरलेला. दुसऱ्या क्षणी त्यांनी हात पसरले. “अहो, तेच तर ठरलंय! प्रात्यक्षिक झालं की पाणी लोकांनाच द्यायचंय. देविदास! टँकर लाव रे इकडं!”

पद्माबाईनं पदर खोचला. “दोन बादल्या आण, निलम. अन् सायकलीच्या ट्यूबीचा तुकडा बघ कुठं मिळतो का.”

तिनं हौदात बादली सोडली अन् पंपाच्या तोंडातून पाणी ओतायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. हौदात उतरलेल्या पाइपाच्या बुडाला झडप असते, गावात तिला फुटबॉल म्हणतात. तिच्यातली चामड्याची चकती पाण्याला खाली जाऊ देत नाही. तीस वर्षं वाळलेलं चामडं कालपासून भिजून मऊ झालं होतं, पाणी टिकत होतं. सहाव्या बादलीला बुडबुडे थांबले. सांध्यातून हवा खात होती तिथं तिनं ट्यूब ताणून गुंडाळली. मेस्त्री पुढं झाला तर तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. हँडल तिनंच मारलं. सदुसष्ट वर्षांच्या बाईनं, दोन्ही हातांनी, दात खाऊन.

इंजन लागलं. पाइप फुरफुरला, गचके खाल्ले, अन् पाण्याची मांडीएवढी धार धाडकन टँकरात पडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या. पद्माबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं नव्हतं. टँकर भरला तसं तिनं इंजन बंद केलं अन् देविदासला ओरडून सांगितलं, “ही खेप तांड्याला ने. तुमची कालची हाय. मंग परत ये, मी हितंच हाय.”

इंजनाचा आवाज थांबायची खोटी, उत्तमरावांनी माईक घेतला. “मित्रहो, आमचं संग्रहालय नुसतं बघण्यापुरतं नाही! आज आपण या संग्रहालयातर्फे तांड्याला आणि भीमनगरला पाणी दिलं! आणि दर रविवारी अकरा वाजता हे प्रात्यक्षिक होणार, शाळेच्या मुलांना मोफत!”

“दिलं?” पद्माबाई किंचाळली. “तुझ्या बापाचं व्हतं का रे?”

माईकपुढं तिचा आवाज कुठं पुरणार! मॅडम “फार छान उपक्रम” म्हणाल्या, रोपाची कुंडी हातात घेऊन फोटो काढला अन् जेवायला गेल्या. तिच्या अंगावर कुणीतरी शाल टाकली. ती तिनं कठड्यावर ठेवून दिली.

मांडव रिकामा झाला तरी ती हौदाच्या कडेला बसून होती. दर रविवारी. म्हणजे दर रविवारी हौद भरणार. कुणाच्या खेपेनं? पुढच्या रविवारी भीमनगरच्या, त्याच्या पुढच्या रविवारी तांड्याच्या. अन् दर वेळी ती येऊन हँडल मारून, भांडून, आपलंच पाणी परत मागून नेणार होती का? अन् मेस्त्रीला तर आता कळलं होतं पंप कसा भरायचा. तिनंच शिकवलं, तिच्याच हातानं! तिला स्वतःच्या मूर्खपणाचा इतका संताप आला की तिनं कपाळावर हात मारून घेतला.

तासाभरानं देविदास परत आला. तिनं पुन्हा इंजन लावलं अन् दुसरी खेप भरली. पाण्यावर पाइपाच्या नव्या रंगाचा तवंग आला होता, म्हणून तळाशी गुडघाभर पाणी तसंच राहू दिलं. मग इंजन बंद केलं, मेस्त्रीच्या पेटीतला पाना उचलला अन् लुगडं वर खोचून लोखंडी शिडीनं हौदात उतरायला लागली.

“मावशी! काय करून राहिल्या?” देविदास घाबरला.

“शिडी धर. तोंड बंद ठेव.”

फुटबॉलचे नट नुकतेच ग्रीस लावून बसवलेले, सहज फिरले. तिनं आतली चामड्याची चकती काढली, जाळी पुन्हा जशीच्या तशी आवळली अन् चकती कनवटीला खोचून वर आली. वर निलम उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

“आजी,” ती म्हणाली, “ती संग्रहालयाची वस्तू आहे.”

“व्हय. अन् त्यातलं पाणी कुनाचं व्हतं?”

निलमनं मान वळवली. पद्माबाई टँकरमध्ये देविदासच्या शेजारी जाऊन बसली.

“मावशी, त्यायला कळंल,” वाटेत देविदास म्हणाला. “नवं चामडं कापून बसवतील.”

“बसवू दे. कळेस्तोर चार खेपा तर पदरात पडतील. अन् बसवलं तर मी पुन्हा काढीन. माझ्या हातापायात जोर हाय तवर काढीन!”

रविवारी सकाळी दहा वाजता साक्षीच्या फोनवर निलमचा फोन आला. साक्षीनं फोन सासूच्या कानाला लावला.

“आजी, मी यांना म्हटलं, आधी पंप भरून बघू, मग टँकर बोलवू. वीस बादल्या ओतल्या. पंपात पाणी टिकतच नाही.”

“जुनं झालंय ते.”

“हो. मी तसंच लिहिते, जुनं झालंय,” निलम म्हणाली. मग म्हणाली, “उत्तमराव फार चिडलेत. मेस्त्रीला बोलावलंय, तो मंगळवारी येणार. टँकर तुमच्याकडं निघालाय.”

साडेदहाला टँकर भीमनगरच्या वळणावर दिसला. बाया हंडे घेऊन धावल्या. देविदासनं विहिरीत पाइप सोडला, पाणी धबाधबा पडायला लागलं. कुणी पद्माबाईचा हात धरून तिला नाचवायला लागलं, कुणी म्हणालं, जिंकलो बाई, उत्तमरावाची चांगली जिरवली! साक्षी तर हसता हसता खाली बसली. सगळ्या विहिरीभोवती हसणं उसळलं.

पद्माबाईनं हात सोडवून घेतला.

“हसू नगा,” ती म्हणाली. आवाज चढला होता. “काय जिंकलो? आपल्या खेपेचं पाणी आपल्या विहिरीत पडलं. यात हसण्यासारखं काय हाय, सांगा मला! काय हाय?”

 तिनं रांगेतला आपला हंडा उचलला अन् दोराला बांधायला लागली.